हत्तीची बाग

बागेचं फाटक वाजलं तेव्हा शालन दूध तापवत होती. गंजलेल्या बिजागरीची आधी एक लांबट कुरकुर आणि मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा ठोका. आवाज बाहेरून आला की आपल्याच आतून, हे तिला चटकन ठरवता आलं नाही. इतकी वर्षं तो आतच वाजत होता. दुपारी भांडी घासताना, बाजारात पालेभाजी निवडताना, काही कारण नसताना वाजायचा, आणि ती सवयीनं मान वर करायची, सवयीनंच खाली घालायची. आज मात्र ठोक्यामागून माणसांचे आवाज आले, कुणीतरी हसलं आणि गवतावर कोयता पडल्याचा ओला, चरचरीत आवाज आला. दूध उतू गेलं, ओट्यावरून फरशीवर ठिबकायला लागलं. तिनं गॅस बंद केला, पण फडकं घ्यायचं राहून गेलं. ती खिडकीशी गेली.

जळोचीतल्या या कॉलनीची घरं बागेच्या चारी बाजूंनी उभी होती. बाग म्हणण्यासारखं तिथं आता काही उरलं नव्हतं. छातीएवढं गाजरगवत, वेड्या बाभळी, भिंतीवरून आत भिरकावलेल्या कचऱ्याच्या पिशव्या, कुणाच्या तरी बांधकामाचा राडारोडा, आणि त्या सगळ्यातून वर आलेली सिमेंटच्या हत्तीची काळवंडलेली पाठ. चार-सहा मुलंमुली तोंडाला रुमाल बांधून गवत कापत होती. त्यातली एक उंच, शेलाटी पोरगी ओढणी कमरेला खोचून इकडं घ्या, तिकडं टाका असं सगळ्यांना सांगत होती. पाणी प्यायला तिनं रुमाल खाली ओढला. स्वरूपा. समोरच्या अंजलीची स्वरूपा. शालन तिची उंची बघत राहिली. आपली छकुली आज एवढी असती, असं ती रोज मनाशी म्हणायची. पण ‘एवढी’ म्हणजे केवढी, हे तिनं मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. ही पोरगी समोरच्या दारातून आधी शाळेला, मग कॉलेजला जात होती, आणि त्या वेळेला शालन खिडकीशी यायचीच नाही.

हे घर घेतलं ते बागेसाठी. इंद्रजितला एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात नोकरी लागली आणि इंदापूर तालुक्यातलं गाव सोडून ते बारामतीला आले तेव्हा कॉलनीच्या मागं ज्वारीचं रान होतं. इंद्रजित म्हणाला होता, “घर बारकं हाय, पर पोरीला समोरच बाग हाय. तुला खिडकीतनं दिसंल.” आणि खरंच दिसायचं. सोंडेची घसरगुंडी असलेला तो हत्ती, त्याच्या पोटात शिरायला मागून एक भोक, आत पायऱ्या. पोरं त्या भोकातून आत जायची आणि सोंडेवरून बाहेर यायची. सगळी कॉलनी तिला हत्तीची बागच म्हणायची. शालन कणीक मळता मळता बघायची, आपल्या पोरीचा लाल फ्रॉक आत गेला की हात थांबायचा, बाहेर आला की पुन्हा चालायचा. त्या दिवशी मात्र ती बघत नव्हती. गावाकडून पाहुणे आले होते, पुरणाचा घाट घातला होता. अंधार पडता पडता छकुली घरी आली आणि म्हणाली, “आई, मला मुंगळा चावला.” शालननं पायाच्या बोटाकडं पाहिलं, दोन बारीक ठिपके दिसले न दिसल्यासारखे, चुना लावला आणि म्हणाली, जा, बस जरा गप. पोरगी गप बसली. मग झोपली. उठवायला गेली तेव्हा तिच्या पापण्या वर होईनात. “आई, तू दोन दिसतेस,” असं ती म्हणाली, आणि पाहुण्यांमधलं कुणीतरी हसलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तिला आवंढा गिळता येत नव्हता. मण्यार, असं डॉक्टर म्हणाले. अंधाऱ्या जागेत पडून असते, चावलेलं कळतही नाही. लपंडाव चालला होता आणि छकुली हत्तीच्या पोटात लपून बसली होती, हे नंतर कळलं. राज्य स्वरूपावर होतं.

छकुलीला शेवटचं गावी नेलं. दहाव्याला नरसिंहपूरच्या घाटावर उभी राहून शालन समोरच्या पाण्याकडं बघत होती. भीमेचं पाणी आणि नीरेचं पाणी एकमेकांत शिरत होतं. सगळे म्हणत होते, बघ कसं एक होतंय, आणि तिला ते दोन दिसत होतं, शेवटपर्यंत दोन. तिथंच सासूनं, धोंडाबाईनं, तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, “आता नाव घ्यायचं न्हाय बाय. हाक मारली की लेकराचा जीव मागं वळतोय.” धोंडाबाई मायेनंच म्हणाली होती. पण इंद्रजितनं ते घट्ट धरलं, शालननंही धरलं. घरात ते नाव पुन्हा कुणी उच्चारलं नाही. तिचे कपडे कुणाला तरी देऊन टाकले, फोटो कपाटातल्या वरच्या फळीवर उपडा गेला. नवऱ्याबायकोत बोलणं व्हायचं ते दुधाचं, गॅसचं, पाण्याच्या टँकरचं. कधी बोलता बोलता दोघंही एकदम थांबायची, आणि दोघांनाही कळायचं की वाक्यात पुढं कुठलं नाव येणार होतं.

पहिले काही दिवस स्वरूपा दाराशी यायची. दार वाजवायची नाही; नुसती उभी राहायची. दाराखालच्या फटीतून दोन बारक्या पायांची सावली दिसायची. शालन आतून कडीला हात लावून श्वास रोखून उभी असायची. दार उघडलं तर ती पोरगी आत येईल, सवयीनं न्हाणीशेजारच्या कोपऱ्यात जाऊन बसेल, जिथं दोघींची भातुकली मांडलेली असायची. आणि मग आपल्या तोंडून काय निघेल याची तिला भीती वाटायची. तू का नाही शोधलंस तिला लवकर? असलं काही. सहा-सात वर्षांच्या पोरीला असं विचारू नये हे तिला कळत होतं, म्हणून तिनं दार उघडलं नाही. तेव्हा तिला ते शहाणपणाचं वाटलं होतं. काही वेळानं सावली हलायची, समोर अंजलीचा आवाज यायचा, “स्वरू, ये इकडं.” पुढं पुढं सावली यायची थांबली. शालनला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, एवढं तिला आठवत होतं.

संध्याकाळी इंद्रजित कामावरून आला. मोटारसायकल लावताना त्यानंही बागेकडं पाहिलं. पण त्याच्या पाहण्यात नवल नव्हतं. ते तिच्या लक्षात आलं.

“फाटक कुनी उघडलं?” तिनं विचारलं.

“पोरांनी. साफ करायची म्हनत्यात बाग. भिंतींवर चित्रं काढायची, रंग द्यायचा. दर घराला भिंतीचा एक तुकडा. ज्याला जे येईल ते त्यानं काढायचं.”

“तुमास्नी ठावं व्हतं?”

इंद्रजितनं बूट काढले, मोजे बुटात कोंबले. “इचारायला आली व्हती. कंपनीच्या गेटवर.”

“तितं? आन मला का न्हाय इचारलं? मी तर हितं समोरच असते.”

“तुला इचारायची कुनाची छाती हुईल, शालन?” तो हळूच म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते तिला लागलं. “इतकी वर्षं बाग बंद का हाय मग? कुनी कुलूप लावाय सांगितलं व्हतं का? लोकांनीच लावलं. तुला बघवायचं न्हाय म्हनून.”

मी कुणाला सांगितलं होतं, असं ती म्हणणार होती. आणि तिला एका जुन्या सकाळचा प्रसंग आठवला. छकुलीला जाऊन दोन-तीन महिने झाले असतील. कॉलनीतली माणसं घमेली, खोरी घेऊन बाग साफ करायला आली होती. हत्तीचं भोक विटांनी बुजवलं, आता गवत काढू, औषध फवारू, म्हणजे पोरांना खेळता येईल, असं त्यांचं चाललं होतं. शालन घरातून उठली आणि जाऊन फाटकाशी उभी राहिली. बोलली काही नाही. फाटकाच्या गजांना धरून नुसती उभी. माणसांनी एकमेकांकडं पाहिलं, खोरी खाली ठेवली आणि एकेक करून निघून गेली. जाताना कुणीतरी फाटक लोटून कुलूप घातलं. तेव्हापासून बाग वाढत गेली, आणि शालनला ते बरं वाटत गेलं. पहिल्या वर्षी गवतानं झोके झाकले, मग घसरगुंडी झाकली. ती जागा आपल्यासारखीच थांबली आहे, असं तिला वाटायचं. गल्लीतली पोरं डांबरी रस्त्यावर क्रिकेट खेळायची, दुचाक्यांना चुकवत; शेजारच्या सारजाबाईचा नातू एकदा टेम्पोखाली येता येता वाचला. तेव्हाही सारजाबाई तिच्या दाराशी येऊन बागेबद्दल एक शब्द बोलली नव्हती. इतक्या वर्षांत एकही बाई बोलली नव्हती. शालनला वाटलं होतं, विसरली सगळी. विसरलं कुणीच नव्हतं. ती सगळी तिला सांभाळत होती, आणि सांभाळता सांभाळता त्यांची पोरं मोठी होऊन गेली होती.

पुढचे दिवस खिडकी बंद ठेवायचं तिनं ठरवलं, पण जमलं नाही. गवत गेलं तशी जमीन दिसली. ती इतकी लहान होती की तिला आश्चर्य वाटलं. मनात ती जागा केवढी तरी मोठी झाली होती. पाण्याच्या पाइपनं भिंती धुतल्या, पांढरा हात दिला, मग एकेक घर आपापल्या तुकड्यापुढं जाऊन उभं राहिलं. बायका आधी लाजायच्या, आमाला कुठं येतंय म्हणायच्या, आणि मग तासनतास उठायच्या नाहीत. सारजाबाईनं एक म्हैस काढली, तिला पाच पाय झाले, लोक हसले तर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, एक शेपूट हाय म्हना.” साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या रामभाऊंनी उसाची ट्रॉली काढली, नंबरासकट. शाळेत शिकवणाऱ्या अंजलीनं पिंपळाचं पान काढलं, घरातल्या बुद्धाच्या तसबिरीमागं असतं तसं, आणि त्याच्या शिरा काढण्यात दोन सुट्ट्या घालवल्या. स्वरूपा सगळ्यांमधून फिरायची. कुणाला ब्रश धुऊन दे, कुणाच्या निळ्यात थोडा पांढरा मिसळ. हत्ती तिनं स्वतः रंगवायला घेतला, गडद निळा. मागच्या बुजवलेल्या विटांपाशी आली तेव्हा ती बराच वेळ ब्रश हातात धरून बसून राहिली. शालन खिडकीतून ते बघत होती. मग स्वरूपानं विटांवरही तोच निळा ओढला. शालनच्या घरासमोरचा भिंतीचा तुकडा मात्र तसाच होता, नुसता पांढरा.

त्या तुकड्याचं विचारायलाच ती आली. दुपारची वेळ होती, इंद्रजित कामावर. दार उघडंच होतं, तरी ती उंबऱ्याबाहेर थांबली. हाताला कोपरापर्यंत रंग.

“काकू, येऊ का?”

शालननं मान हलवली. स्वरूपा आत आली आणि उभीच राहिली. तिची नजर न्हाणीशेजारच्या कोपऱ्याकडं गेली; तिथं आता धुण्याचं मशीन होतं.

“काकू, तुमच्या समोरची भिंत राहिलीय.”

“मला न्हाय काढता येत काही.”

“मी काढू? तुम्ही हो म्हणलात तरच.” ती थांबली. “छकुलीला काढावं म्हणते.”

त्या घरात ते नाव असं मोकळं पडलं. शालनला वाटलं काहीतरी फुटेल, भांडं, काच, काहीतरी. काही फुटलं नाही. पंखा फिरत राहिला.

स्वरूपाला बहुधा ती शांतता होकारासारखी वाटली. ती भराभर बोलायला लागली, पुष्कळ दिवस तोंडात धरून ठेवल्यासारखं. “फोटोसारखी नाही काढणार. फोटो काकांनी दाखवला, पण त्यात ती गप्प बसलीय. ती कुठं गप्प बसायची? ती पातेलं डोक्यावर उलटं घालायची, आणि काका गाडीला किक मारतात तशी उंबऱ्याला किक मारायची. एकदा नाही लागली की काका जसं म्हणतात ना, ‘आयला, थंड झाली’, तसंच म्हणायची. आणि मला चिक्की द्यायच्या आधी ती स्वतः चावून बघायची, खराब असली तर तुझ्या पोटात दुखंल म्हणून. आणि सगळ्यांना सांगायची, माझी आई दोन बोटं घालून शिट्टी वाजवते, पार कालव्यापर्यंत ऐकू जाते. आम्हाला खोटं वाटायचं. ती म्हणायची, विचारा तिला. पण आमची हिंमतच नाही झाली विचारायची.”

शालन ओट्याला टेकून उभी होती. पातेलं. किक. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. म्हणजे घडलं असेल याच घरात, तिच्या पाठीमागं, ती पोळ्या लाटत असताना. पण तिच्याजवळ ते नव्हतं. समोरची ही पोरगी ते सगळं बाळगून होती, बागेपलीकडच्याच घरात, इतकी वर्षं. आणि शालनच्या मनात जे पहिलं उसळलं तो आनंद नव्हता. तो मत्सर होता. माझ्या लेकीचं एवढं हिच्याकडं कसं?

“नको,” ती म्हणाली. “नको काढू तिला तितं. पोरं धूळ उडवतील, चेंडू मारतील. नको.”

स्वरूपाचा चेहरा उतरला. “बरं काकू.” ती दाराशी गेली, चपला घालताना जरा घुटमळली, जणू अजून काही विचारलं जाईल. शालननं काही विचारलं नाही. पोरगी गेली. जाताना तिनं दार हलकेच ओढून घेतलं.

मग दुपारभर शालन तिथंच बसून राहिली, फरशीवर, मशीनला पाठ लावून. शिट्टी. माहेरी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून ती पाखरं राखायची, तेव्हा वाजवायची दोन बोटं घालून. तिचा चुलता म्हणायचा, पोरीच्या जातीनं असलं करू नये. लग्नानंतर तिनं ती कधी वाजवली नव्हती. मग छकुलीला कसं ठाऊक? कधीतरी वाजवून दाखवली असणार. घरात दोघीच असताना, पोरगी रडत असेल, हसवायला. ती आठवायचा प्रयत्न करू लागली. कुठली दुपार, कुठला फ्रॉक, ती हसली का, तिनंही बोटं तोंडात घालून बघितली का. काही येईना. मागं जावं तर वाटेत ती एकच संध्याकाळ आडवी उभी. पुरणाचा वास, चुन्याचं बोट, जड झालेल्या पापण्या. एवढी वर्षं आपण पोरीला जपलं असं तिला वाटत होतं, आणि जपली काय, तर ती एक संध्याकाळ. त्या संध्याकाळनं आधीच्या सगळ्या सकाळी, सगळ्या दुपारी गिळून टाकल्या होत्या. नाव घ्यायचं नाही म्हणून हाक गेली. हाक गेली म्हणून त्या हाकेला ओ देणारी पोरही गेली. उरली ती नुसती मरणारी.

तिनं दोन बोटं जिभेखाली धरून फुंकर मारून पाहिली. नुसती हवा आली, आणि हनुवटीवर थुंकी.

लगेच उठून समोर जावं असं तिला वाटलं. पण नको म्हणून आत्ताच सांगितलेलं. तोंड कसं दाखवायचं. उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी अंजलीकडं पाहुणे होते. मग बागेत गर्दी होती, मग इंद्रजितला सुट्टी होती. असं करत दिवस गेले. खिडकीतून तिला दिसलं की समोरच्या पांढऱ्या तुकड्यावर स्वरूपानं पिवळा रंग मारला, साधा, काहीही न काढता. तो मारताना तिनं एकदाही तिच्या खिडकीकडं पाहिलं नाही.

बाग उघडली तेव्हा भाषण वगैरे काही झालं नाही. रामभाऊंनी नारळ फोडला, सारजाबाईनं सगळ्यांना चुरमुरे वाटले. शालन घराबाहेर पडली. फाटकातून आत जाताना लोक बाजूला झाले, आणि त्या बाजूला होण्याचीच तिला लाज वाटली. पोरांना मात्र तिच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. ती तिच्या अंगावरून, साडीला घासून पळत होती. बाहेरून लावलेल्या नव्या शिडीनं चढून निळ्या हत्तीच्या सोंडेवरून एकामागून एक खाली येत होती. त्यातल्या एकालाही छकुली नावाची कुणी मुलगी होती हे माहीत नव्हतं. ते तिला टोचेल असं वाटलं होतं. टोचलं नाही. कीव आली, आणि ती त्यांची नव्हे, आपलीच आली. शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या अंजलीला ती म्हणाली, “स्वरूपा कुठं दिसंना?”

“बॅग भरतेय. उद्या निघाली ना कोल्हापूरला. चित्रकलेच्या कॉलेजात नंबर लागला.” अंजली थोडी थांबली. “तुम्हाला सांगायला येणार होती ती. मीच म्हणलं, नको त्रास देऊस.”

“सकाळी आमीबी येतो स्टँडवर,” शालन म्हणाली. अंजलीनं तिच्याकडं असं पाहिलं की शालननं नजर बागेकडं वळवली.

स्टँडवर सकाळची गर्दी होती, कोल्हापूरची गाडी लागलेली. अंजली खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धावली, इंद्रजित बॅग चढवायला गेला. दोघीच खांबापाशी उरल्या. शालननं घरातून निघताना बोलायचं सगळं जुळवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य सापडेना.

“तू त्या दिवशी सांगत होतीस,” ती म्हणाली. “पातेल्याचं. चिक्कीचं.”

“हो काकू.”

“अजून सांग की. काय काय करायची ती? काय बोलायची?”

स्वरूपानं मान खाली घातली, आठवू लागली. शालनला ते तिच्या कपाळावर दिसत होतं, ते शोधणं. फलटणकडून आलेली गाडी धूर सोडत शेजारच्या फलाटाला लागली, माणसं उतरली, रिक्षावाल्यांनी गलका केला.

“काकू, एवढंच,” ती शेवटी म्हणाली. “आधी खूप होतं. लहान होते तेव्हा सगळं होतं, तुमच्या दाराशी यायचे ना मी, तेच सांगायला यायचे. तिचं एक गाणं होतं, तिनंच केलेलं. ते तुम्हाला म्हणून दाखवायचं होतं.” तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “मग मला सगळे म्हणाले, विसर. मलाही भीती वाटायची, राज्य माझ्यावर होतं ना. मग मी खरंच विसरत गेले. गाण्याची नुसती चाल होती बरीच वर्षं. आता तीही नाही.”

शालननं तिचे हात धरले. नखांच्या कडांना अजून निळा रंग होता. तुझं काही चुकलं नव्हतं, पोरी, असं तिला म्हणायचं होतं, आणि ते ती म्हणालीही, पण त्याच वेळी कंडक्टरनं घंटी मारली, अंजलीनं हाक मारली, आणि स्वरूपाला ते ऐकू गेलं की नाही हे कळलं नाही. ती वाकली, शालनच्या पायाला हात लावला आणि पळत गाडीत चढली. खिडकीतून हात हलवला. गाडी वळून गेली तरी अंजली बघत उभी होती. नंतर ती म्हणाली, मी शाळेवर जाते, उशीर झाला, आणि डोळे पुसत गेली.

परतताना इंद्रजितनं गाडी एमआयडीसीच्या रस्त्यानं घेतली. त्याची पाळी दुपारची होती, पण गेटवर एक चिठ्ठी द्यायची होती. मागं बसलेल्या शालनला त्याच्या मानेवरचे पांढरे केस दिसत होते. पाळी सुटलेली माणसं मोटारसायकलींवरून समोरून येत होती, डबे हँडलला लटकवून. मग ती त्याच्या खांद्याजवळ तोंड नेऊन म्हणाली, “छकुली तुमची नक्कल करायची.”

गाडी एवढीशी हिसका खाऊन सावरली.

“पातेलं डोक्यावर उलटं घालायची,” ती म्हणाली. “हेल्मेट म्हनून. आन उंबऱ्याला किक मारायची. लागली न्हाय की म्हनायची, आयला, थंड झाली.”

इंद्रजितनं गाडी हळू केली आणि रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही पाय जमिनीवर टेकून तो तसाच पुढं बघत बसला. त्याची पाठ हलत होती. शालनला आधी वाटलं तो रडतोय, मग वाटलं हसतोय. ती उतरून समोर गेली नाही. दुधाचा एक टँकर त्यांना घासून गेला, त्यामागं धूळ आली आणि खाली बसली.

“अजून?” तो मान न वळवता म्हणाला. “अजून काय म्हनाली ती?”

तिनं चिक्कीचं सांगितलं. शिट्टीचं सांगितलं. शिट्टीच्या वेळी तो नक्की हसला, तिला ऐकू आलं.

“अजून?”

आता काही नव्हतं. शालननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.